केशव मास्तरांनी मोठ्यानं सांगितलेलं माप

मी एक जुनी, पिवळी, काठाला उसवलेली टेप आहे, मित्रांनो. तीच, जी शिंप्याच्या गळ्यात लोंबत असते आणि जी हातात आली की तुम्ही लगेच एकमेकांचं डोकं मोजायला लागता. माझ्या एका टोकाला पितळी पत्रा आहे. दुसऱ्या टोकाचा पत्रा मास्तरांच्या नातीला, गुंजनला, दात येत होते तेव्हाच निघाला. पहिल्या तीन इंचांचे आकडे घासून घासून पुसट झाले आहेत. पण बाकीचे सगळे अजून ठळक आहेत, आणि त्यांच्याचबद्दल मला आज तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. रबराचा वास आणि रुळाची घरघर एवढंच आठवतं. त्या रुळानं माझ्या एका अंगावर इंच छापले, दुसऱ्या अंगावर सेंटीमीटर. भंडाऱ्याच्या बाजारात बटणांच्या डब्यांशेजारी मी गुंडाळून पडले होते. तिथून मला केशवरावांनी उचललं. त्याच दिवशी त्यांनी शिलाई मशीनही घेतली होती. मशीन एसटीच्या टपावर चढली आणि मी त्यांच्या शर्टाच्या खिशात बसले. आसगाव येईपर्यंत ते दर दहा मिनिटांनी खिसा चाचपत होते. कुणीतरी आपल्याला इतकं जपतंय हे कळायला मला तेवढा प्रवास पुरला.

आसगावच्या बसथांब्यासमोर त्यांनी दुकान मांडलं, आणि केशवरावांचे ते 'केशव मास्तर' झाले. शाळेचे निळे गणवेश, लग्नातले कोट, पोरींच्या पहिल्या साड्यांवरची पोलकी. गावातल्या किती माणसांना मी मिठी मारली असेन ते मी कधी मोजलं नाही. रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस आले की दुकान ओस पडायचं, कारण सगळं गाव धानाच्या बांध्यांमध्ये वाकलेलं असायचं. दिवाळीच्या आधी मात्र मास्तरांना जेवायलाही फुरसत नसायची. लोक म्हणायचे, "मास्तरच्या हाताले जादू हाये." मास्तर माझ्याकडे बोट दाखवायचे. "हात माहा असंन बापा, पन डोळे हिचे होत."

पण मित्रांनो, या चांगल्या माणसाला एक सवय होती. ती कशी लागली ते सांगते.

दुकान नवं असताना एक जाडजूड गृहस्थ सफारी शिवायला आले होते. मास्तरांनी मला त्यांच्याभोवती फिरवलं आणि खणखणीत आवाजात आकडा सांगितला, "बेचाळीस!" बाहेरच्या बाकावर बसलेली माणसं फिस्सकन हसली. गृहस्थ लालेलाल झाले. कापड उचलून निघून गेले ते पुन्हा कधी आले नाहीत. त्या दिवसापासून मास्तर तोंडानं दोन इंच कमी सांगू लागले. कापडावर खडूनं मात्र खरं माप लिहीत. गिऱ्हाईक खूश व्हायचं आणि पँटही बरोबर बसायची. "तेजराम, तुही कंबर तं लग्नात होती तशीच्या तशी हाये गा!" असं म्हटलं की तेजराम पोट आत ओढून, मिशीवर हात फिरवून निघून जायचा. यात मला काही वावगं वाटलं नाही. उलट केवढं मऊ मन आहे आपल्या मास्तरांचं, असंच वाटायचं.

वर्षं गेली. मुलानं, अनुपनं, मशीनला विजेची मोटर बसवून दिली आणि मास्तरांचे पाय थांबले. मग मोटारसायकल आली, आणि बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, पाळीवरून चालत शेतावर जाणंही थांबलं. घरी पार्वताबाई होत्या. नवऱ्यावरचं प्रेम त्या ताटात वाढायच्या. भाताचा डोंगर, डोंगरावर खळगा, खळग्यात वरण. तो संपत आला की दुसरा डोंगर. सकाळी फोडणीचा भात, संध्याकाळी पुन्हा ताजा भात, आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याबरोबर एक गोड चहा.

मास्तरांची एक करड्या रंगाची पँट होती. मुलाच्या लग्नात स्वतः शिवलेली, बत्तीस इंचाची. तिच्या मागच्या शिवणीत त्यांनी भरपूर मार्जिन सोडलं होतं. मार्जिन म्हणजे आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. माणूस सुटला तर शिवण उसवून पँट सैल करता यावी म्हणून ते ठेवतात. दर एक-दोन वर्षांनी मास्तर ती शिवण उसवायचे, एक इंच बाहेर सरकवायचे आणि गुणगुणत नवी शिवण मारायचे. स्वतःचं माप घ्यायला त्यांनी मला कधी बोलावलं नाही. पँट सांगायची, ते ऐकायचे.

मग गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात, धानाची मळणी उरकल्यावर, गावात तपासणीची यादी करायला मंदाताई आल्या. मंदाताई म्हणजे आमच्या गावच्या आशाताई, घरोघरी आरोग्याची चौकशी करणाऱ्या. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा फॉर्म भरायचा होता. वय काय, तंबाखू खाता का, चालता किती, घरात कुणाला साखरेचा आजार आहे का, आणि कमरेचा घेर किती. बायकांचं माप त्यांनी घेतलं. पुरुषांची रांग लागली तशा त्या अडखळल्या.

"मास्तर, मानसांच्या कमरेले टेप लावाची म्हनजे मले लाज वाटते जी. तुमचा तं रोजचाच धंदा होय. तुमीच मापं घेऊन सांगा न, मी लिहितो."

"द्या बापा, मले काय कठीन हाये!"

मंदाताई म्हणाल्या होत्या, बेंबीच्या रेषेत घ्या. पण हात शिंप्याचे होते. ते आपसूक पोटाखाली, बेल्टच्या जागी गेले, जिथं पँट बसते तिथं. आणि तोंडही शिंप्याचंच होतं. बाकावर माणसं बसलेली, समोर ओळखीचा चेहरा, लाजून हसणारा. मास्तरांनी प्रत्येकाचा आकडा दोन इंच कमी सांगितला. मंदाताई मला उलटी करून सेंटीमीटर बघत आणि सांगितलेला आकडा लिहीत. माझी ती दुसरी बाजू त्या दिवशी पहिल्यांदा कुणी वाचली. मला काय अभिमान वाटला होता! काय लिहिलं जातंय तिकडे माझं लक्षच नव्हतं.

एकवीस जण झाले. शेवटी मास्तरांनी मला स्वतःच्या बेल्टवर गुंडाळलं. मी छत्तीस दाखवत होते. ते म्हणाले, "चौतीस."

"म्हनजे शहाऐंशी सेंटीमीटर," मंदाताईंनी लिहिलं. "नव्वदच्या आत हाये. मस्त हाये मास्तर तुमचं."

बोलता आलं असतं तर मी त्याच क्षणी ओरडले असते. पण टेपला तोंड नसतं, मित्रांनो. फक्त आकडे असतात, आणि तेही कुणी वाचले तर.

चार-पाच महिने गेले. मास्तरांना कुठं दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. दुपारी जेवल्यावर मशीनवरच डोळा लागायचा, आणि घराच्या चार पायऱ्या चढल्या की ते खांबाला धरून उभे राहायचे. "वय झालं," म्हणायचे. वय होतं अठ्ठावन्न.

उन्हाळ्यात पवनीला भाच्याचं लग्न निघालं. मास्तरांनी ती करडी पँट सुनेकडे दिली. प्रतिक्षाही आता शिवायची. गुंजन झोपली की तेवढ्या वेळात दोन ब्लाउज उरकायचे, असं तिचं चाललेलं. त्या दुपारी गुंजन झोपलीच नव्हती. सात वर्षांची ती, आईच्या मांडीला टेकून पँटीच्या आतल्या बाजूवर बोट फिरवत होती.

"आई, हे भोकं कायचे वं?"

प्रतिक्षानं पँट उजेडाला धरली. उसवलेल्या शिवणींच्या सुईच्या बारीक छिद्रांच्या रांगा दिसत होत्या, एकीपलीकडे एक. गुंजननं मोजल्या. "एक, दोन, तीन, चार." आणि पाचवी शिवण, जी आत्ता चालू होती, ती कापडाच्या अगदी काठावर. त्यापुढे काहीच नव्हतं.

प्रतिक्षा पँट घेऊन उठली आणि सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिली. मी तिच्या गळ्यात होते. तिच्या छातीची धडधड मला ऐकू येत होती.

"मामाजी, ह्या पँटीत मार्जिन नाही उरलं."

"असंन न थोडंसं. नीट पाह्य."

"पाह्यलं. काठावर आली शिवण."

"मंग नवीन शिवून टाक. त्यात काय!"

"शिवतो न. पन किती इंचाची शिवू? आन् पुढच्या वर्षी किती? त्याच्या पुढच्या वर्षी?"

मास्तर हसले. "लेक होऊन मलेच हिशेब विचारते का वं!"

प्रतिक्षा हसली नाही. तिचे स्वतःचे वडील असेच कुठं काही न दुखता एका सकाळी अंगणात कोसळले होते. त्यांनी गुंजनला एकदाही कडेवर घेतलं नव्हतं. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी बोलत नसे. तिनं गळ्यातून मला काढलं आणि सासऱ्यांच्या हातात दिलं. "बेंबीवरून घ्या, मामाजी. मी तिकडं पाहतो. पन आकडा खरा सांगजा."

मास्तरांनी मला गुंडाळलं. आकडा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग हळूच म्हणाले, "अडतीस."

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी सासरा आणि सून पवनीच्या दवाखान्यात गेले. मी प्रतिक्षाच्या पिशवीत राहून गेले होते, म्हणून मला सगळं ऐकता आलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी बीपी घेतलं, रक्त तपासायला दिलं आणि रिपोर्ट आल्यावर दोघांना समोर बसवलं.

"काका, कमरेचा घेर, बीपी, उपाशीपोटीची साखर, रक्तातली चरबी आणि चांगलं कोलेस्टेरॉल, अशा पाच गोष्टी आम्ही बघतो. पाचातल्या तीन बिघडल्या की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. तुमच्या चार बिघडल्या आहेत. एकेक बघितली तर कुणीच मोठा चोर नाही. पण चौघं मिळून घर फोडतात. कधी हृदय, कधी मेंदू, कधी मधुमेह."

"पन मॅडम, मले तं काहीच दुखत नाही."

"म्हणूनच तर बरं झालं. दुखायच्या आधी आलात. साखर अजून आजाराच्या उंबऱ्याच्या बाहेर आहे. बीपीची एक गोळी देते. बाकीचं काम तुमचं ताट आणि तुमचे पाय करतील." मग त्यांनी कागद उलटा केला. "गावात फॉर्म भरला होता ना? त्यात कसं नाही आलं?"

मास्तरांची मान खाली गेली. प्रतिक्षाला वाटलं ते आजाराला घाबरले. पण मला ठाऊक होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर रांग उभी होती.

"मॅडम," ते म्हणाले, "त्या दिवशी एकवीस मानसांची मापं मीच सांगतली. सगळ्यांची कमी सांगतली."

घरी आल्यावर पहिली लढाई ताटावर झाली. भात बंद करायचा नव्हता. डॉक्टरीणबाईंनी तसं सांगितलंच नव्हतं. एक वाटी भात, वाटीभर वरण आणि अर्धं ताट भाजी, एवढंच. पण पार्वताबाईंनी ती एक वाटी ताटात पालथी केली आणि त्यांचे डोळे भरून आले.

"एवढासा भात पाहून मलेच रडू येऊन राह्यलं. शेजारीपाजारी म्हनतीन, म्हातारी नवऱ्याले उपाशी ठेवते."

"तू रड," मास्तर म्हणाले, "पन वाटी भरताना दाबू नोको. मी पाह्यलं तुले, बोटानं दाबून भरली."

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या ताटात मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा आल्या, पालेभाजी आली, एका वेळी ज्वारीची भाकर आली. चहातली साखर आधी अर्धी झाली, मग गेली. मोटारसायकल अनुपकडे गेली. सकाळी उठून मास्तर बोडीच्या पाळीवरून शेतापर्यंत चालू लागले, आणि गुंजन सुट्टीच्या दिवशी बोट धरून बरोबर. मशीनची मोटरही त्यांनी काढून टाकली. पायडल पुन्हा कुरकुरू लागलं. तो आवाज ऐकून मला माझं तरुणपण आठवलं.

पण त्यांना झोप येईना. एकवीस माणसं होती, आणि सगळ्यांचे फॉर्म 'मस्त' म्हणून मिटलेले. त्यांनी मंदाताईंना बोलावून सगळं कबूल केलं. मंदाताई आधी चिडल्या, मग म्हणाल्या, "चूक माही बी होय. मी लाजलो, तुमी कोनाले लाजवलं नाही. फॉर्म पुन्हा भरू. पन येतीन का ते?"

आठवडी बाजाराच्या दिवशी दुकानाबाहेर खुर्ची मांडली. मंदाताई बीपीचं यंत्र घेऊन बसल्या. पण त्या एकवीस जणांपैकी एकही पुढं येईना. तेजराम लांबूनच म्हणाला, "मास्तर, आमची कंबर तं तुमीच पास केली होती न!" देवाजी, मास्तरांचा लहानपणापासूनचा मित्र, पानठेल्याला टेकून उभा होता. त्यानं मान फिरवली.

मित्रांनो, तीस वर्षं ज्या माणसानं दुसऱ्यांचे आकडे झाकले, त्यानं त्या दिवशी भर बाजारात शर्ट वर उचलला. मला बेंबीवरून गुंडाळलं. पोट आत ओढलं नाही. आणि त्या सफारीवाल्या दिवसानंतर पहिल्यांदाच, खणखणीत आवाजात आकडा सांगितला.

"अडतीस! सत्त्याण्णव सेंटीमीटर! आइका गा सगळे! तुमाले मी जे सांगतलं ते खोटं होतं. मले बी खोटंच सांगतलं. वाचलो ते सुनेमुळं."

सगळा बाजार वळून पाहू लागला. मग देवाजी पानठेल्यावरून ओरडला, "आरे केशव, पोट झाक रे बापा! बाया पाहून राहिल्या!"

सगळे हसले. मास्तर सगळ्यांत मोठ्यानं हसले, आणि हसता हसताच म्हणाले, "हसले न? झालं मंग. आता तुमच्यावर कोनी हसनार नाही. ये इकडं, देवाजी."

देवाजी आला. कुरकुरत, शर्टाचा काठ धरून, पण आला. त्याचा आकडा चाळीस होता. त्याची साखर पवनीला जाऊन तपासली तेव्हा ती उंबरा ओलांडून बरीच आत आलेली होती. औषध वेळेवर सुरू झालं. डोळे आणि पाय शाबूत राहिले. आज देवाजी सकाळी बोडीवर मास्तरांच्या पुढं चालतो आणि मागं वळून टोमणे मारतो, "चाल रे, अडतीस!" त्या दिवशी बाजार उठेपर्यंत सतरा जण माझ्यातून गेले. उरलेल्या चौघांना मंदाताईंनी घरी गाठलं. सगळ्यांचं बिघडलेलं नव्हतं. पण सगळ्यांना खरं कळलं.

माझं म्हणाल तर मी आता दुकानातून निवृत्त झाले आहे. प्रतिक्षानं नवी टेप आणली, पांढरीशुभ्र, कडक. एखाद्या जुन्या टेपच्या नशिबी कचऱ्याचा डबा असतो, किंवा पोरांच्या पतंगाची शेपटी. मला मात्र दुकानाच्या दाराशी खिळ्यावर टांगलं आहे, कुणाच्याही हाताला लागेल इतक्या खाली. शेजारी खडूनं लिहिलंय, पुरुष नव्वद, बाया ऐंशी. येणारा जाणारा मला उतरवतो, आडोशाला जाऊन स्वतःभोवती गुंडाळतो आणि परत टांगतो. काही हसतात, काही गप्प होतात. गप्प झालेल्यांना मंदाताईंचं घर ठाऊक आहे. इतकं कामाचं म्हातारपण कुठल्या टेपला मिळालं असेल? मी त्या घराचे, त्या सुनेच्या धडधडत्या छातीचे उपकार कसे फेडू?

तुमच्याकडे मी एवढंच मागते. माझ्यासारखी एखादी टेप तुमच्याही घरात कुठल्या तरी डब्यात असेल. वर्षातून एकदा ती शोधा. आईला, बाबांना, आजोबांना सांगा, बेंबीवरून मोजा आणि खरं सांगा. आकडा मोठा निघाला तर हसू नका, रागावू नका. त्यांचं बोट धरून तपासायला घेऊन जा, आणि सकाळी त्यांच्याबरोबर चाला. आणि त्यांच्या ताटात दुसऱ्यांदा भात पडायला लागला की पाण्याचा तांब्या पुढं करा.

परवा आणखी एक गोष्ट घडली. सकाळी चालून आल्यावर मास्तरांनी गुंजनला हाक मारली. तिनं मला खिळ्यावरून काढलं, आजोबांच्या पोटाभोवती फिरवलं आणि माझी सेंटीमीटरची बाजू वाचली.

"एक्क्याण्णव, आबाजी! आनखी एकच कमी करा लागते!"

"तुही आजी वाटी दाबते म्हून तो एक राह्यला," मास्तर म्हणाले. आतून पार्वताबाईंनी पळी आपटल्याचा आवाज आला.

मग ते मशीनवर बसले. करडी पँट उलटी करून त्यांनी काठावरची शिवण उसवली. छिद्रांच्या चार रांगा उजेडात पुन्हा दिसल्या. गुंजननं विचारलं, "आता कुठून शिवनार?" त्यांनी चष्मा नाकावर घेतला, दुसरी आणि तिसरी रांग बोटानं चाचपली आणि चौथीवर, म्हणजे काठापासून एक इंच आत, सुई ठेवली. पायडल कुरकुरलं. आणि मी खिळ्यावरून पाहिलं, मित्रांनो, त्या पँटीत पुन्हा इंचभर मार्जिन आलं होतं.